रायमुनिया : कुंडीतून धुऱ्यावर, धुऱ्यावरून दवाखान्यात

पाऊस स्थिरावला की वर्धा, हिंगणघाट, आर्वीकडच्या रोपवाटिकांत गर्दी होते. सतत फुलणारे, कमी पाणी मागणारे, शेळ्यांनी तोंड न लावणारे रोप सगळ्यांनाच हवे असते. नेमके हेच गुण झाडाला उपद्रवी बनवतात.

रायमुनिया, म्हणजेच घाणेरी, मूळची अमेरिका खंडातली. इंग्रजांनी १८०९च्या सुमारास ती शोभेसाठी कलकत्त्याच्या उद्यानात लावली. पुढचे काम काळी फळे खाणाऱ्या पक्ष्यांनी केले. देशातल्या वाघांच्या अधिवासापैकी ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्राला आज तिचा धोका असल्याचे २०२० मधील एका अभ्यासात दिसले. जलपर्णी आणि नाल्याकाठची बेशरम यासुद्धा फुलांसाठीच आणलेल्या. गाजरगवत मात्र बागेतून आले नाही, त्याचा दोष माळ्यांवर नको.

हा प्रश्न वनखात्यापुरता नाही. चाऱ्याच्या टंचाईत जनावराने रायमुनियाचा पाला खाल्ला तर यकृत बिघडते, कावीळ होते, उन्हाने कातडी सोलते. माणसाला होणारा धोका आडवळणाचा आहे. २०१८ मध्ये विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली होती. या आजाराचे जंतू बारीक माइटच्या अळ्यांमार्फत पसरतात. या अळ्या उंदीर वावरतात अशा दाट, ओलसर झुडपांत असतात. त्यांना रायमुनियाच लागते असे नाही, कोणतेही झुडूप चालते. पण धुऱ्यावर, पडीक जागेत, गावाच्या कडेला बारमाही झुडूप उभे करण्यात तिचा हात धरणारे दुसरे झाड क्वचितच सापडेल. चावा दुखत नाही. सहा ते एकवीस दिवसांत ताप चढतो. काखेत, जांघेत काळी खपली दिसली तर निदान सोपे होते, पण ती प्रत्येकाला नसते. डॉक्सीसायक्लिन हे स्वस्त औषध वेळेवर मिळाले तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसे आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

तरीही रंगीबेरंगी बुटकी रायमुनिया आजही कुंडीत विकली जाते. तिला बी धरत नाही, असे विक्रेते सांगतात. ते सगळ्याच वाणांना लागू नाही. काही वाणांचे परागकण रानटी रोपांशी संकर करतात. परदेशातून येणाऱ्या रोपांसाठी २००३ चा विलगीकरण आदेश आहे, पण देशात आधीच रुजलेले झाड विकताना कोणी अडवत नाही. अडवता येते, हे गुजरातने २०२३ मध्ये कोनोकार्पसवर बंदी घालून दाखवले. त्या झाडामुळे दमा वाढतो याचा पुरावा तोकडाच होता. रायमुनियाविरुद्धचा पुरावा त्याहून कितीतरी जुना आणि भक्कम आहे.

कुंपणाला अडुळसा किंवा कोरांटी लावता येते. अडुळशाला शेळ्याही तोंड लावत नाहीत. धुऱ्यावरची रायमुनिया फळे धरण्याआधी मुळासकट काढावी. नुसती छाटली तर ती दुपटीने फुटते. हे काम बहुधा मजूर बायांच्या वाट्याला येते. त्यांना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट द्यावेत, घरी गेल्यावर साबणाने अंघोळ करायला सांगावे. नंतरच्या तीन आठवड्यांत ताप आला, तर झुडपे तोडल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.