समपाद

सातारा-सांगलीकडील श्रावक कुंभोज बाहुबली क्षेत्री जातात आणि २८ फुटी मूर्तीपुढे नतमस्तक होतात. मूर्ती ज्या मुद्रेत उभी आहे, त्या कायोत्सर्गाचे वर्णन आचार्य वट्टकेरांच्या ‘मूलाचार’ ग्रंथात आहे: दोन पावलांत चार अंगुळांचे अंतर, पाय सम, बाहू खाली सोडलेले, सर्वांग निश्चल. कायोत्सर्गाचे ३२ दोषही सांगितले आहेत. घोड्यासारखा एक पाय वाकवून उभे राहणे हा घोटक दोष. वेलीसारखे डुलणे हा लता दोष. भिंतीला टेकणे आणि मस्तक हलवणे हेही दोषच.

हे दोष करणाऱ्याला स्वतःला क्वचितच जाणवतात. एका टाचेवर वर्षानुवर्षे भार देणाऱ्याला तेच सरळ उभे राहणे वाटते. म्हणून पाहणारा डोळा लागतो.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडी आणि कुंडल ही गावे त्याच संस्थानातली. सामुदायिक व्यायामाने शिस्त लागते, सवय जडते. पण साठीनंतर प्रत्येकाचे गुडघे आणि पाठ निराळी असते. पुण्यात १९३७ साली आलेले बी. के. एस. अय्यंगार यांनी आसनातील अचूक मांडणीवर भर दिला आणि पट्टा, लाकडी ठोकळा, खुर्ची, दोर यांच्या आधाराने अशक्त शरीरालाही ती साधता येईल अशी पद्धत घडविली.

आधार घेणे म्हणजे व्रतभंग, असा संकोच ज्येष्ठांनी बाळगू नये. ‘मूलाचारा’त कायोत्सर्गाचे चार प्रकार आहेत. देह उभा पण चित्त आर्त-रौद्र ध्यानात, तो उत्थितनिविष्ट. देह बसलेला पण चित्त धर्म-शुक्ल ध्यानात, तो उपविष्टोत्थित. खुर्चीवर बसून शुभ ध्यान करणारा साधक या दृष्टीने उभाच आहे.

व्यक्तिगत शिकवणीचा खर्च कायमचा करावा लागत नाही. आरंभी काही दिवस जाणत्या शिक्षकाकडून आपले दोष समजून घ्यावेत, घरी नित्य सराव करावा आणि अधूनमधून तपासून घ्यावे. उच्च रक्तदाब वा काचबिंदू असल्यास वैद्यकीय सल्ल्यावाचून शीर्षासनादी आसने करू नयेत.

सामायिकाला उभे राहताना प्रथम पावलांकडे पाहावे. चार अंगुळांचे ते अंतर राखणे हाही यत्नाचाराचाच भाग आहे.