पाकिटातील चित्रे

मुलांची गाऱ्हाणी घेऊन आमच्याकडे येणाऱ्या माता बहुधा अभ्यासाविषयी बोलतात. २०११ सालच्या पावसाळ्यात निपाणीजवळच्या एका खेड्यातून एक बाई आल्या, त्यांचे गाऱ्हाणे निराळे होते. त्यांनी पदराआडून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि आमच्या टेबलावर उपडी केली. पत्त्यांच्या आकाराची चाळीसेक रंगीत चित्रे खाली पडली. त्यांत कोणी चार हातांचा आडदांड, कोणाच्या अंगाच्या ज्वाळा झालेल्या, कोणी बिनडोळ्यांचा कुत्र्यासारखा प्राणी.

"मास्तर, ह्या राक्षसांपायी पोरानं संत अंतोनीचं चित्र देऊन टाकलं. पहिल्या ख्रिस्तप्रसादाचं चित्र! चुलीत घालू काय हे सगळं?"

बाई घरी बिड्या वळत. हजार बिड्यांमागे ठरलेली मजुरी मिळे, आणि त्या मजुरीतली पाच पाच रुपयांची नाणी मुलगा दुकानात नेऊन देई. पाकिटात थोडा खाऊ व एक चित्र. खाऊ बऱ्याचदा धाकट्या बहिणीच्या वाट्यास जाई, असेही बाईंनी सांगितले. ह्या माहितीवरून आम्ही पुढे पुष्कळ काही शिकलो; त्या वेळी मात्र तिकडे लक्ष दिले नाही.

ही चित्रे 'बेन टेन' नावाच्या मालिकेतील होती. अमेरिकेत २००५ च्या अखेरीस सुरू झालेली ही मालिका कार्टून नेटवर्क ह्या वाहिनीवरून आपल्याकडेही आली. दहा वर्षांच्या एका मुलाच्या मनगटास घड्याळासारखे एक यंत्र चिकटते आणि त्यायोगे त्याला परग्रहावरील निरनिराळ्या प्राण्यांची रूपे धारण करता येतात, अशी कल्पना. आपल्या दूरदर्शनवरही १९९८ साली 'कॅप्टन व्योम' ही अंतराळातील साहसांची मालिका झाली होती व मुले ती डोळे विस्फारून पाहत. अशा कथांत आम्हांस काही वावगे वाटत नाही. रात्री अंगणात बाजेवर पडून आकाशाकडे पाहताना वर कोणी राहत असेल काय, हा प्रश्न ज्या मुलाला पडत नाही त्याचीच काळजी करावी.

परंतु संत अंतोनीचा सौदा आम्हांस रुचला नाही. आम्ही मुलाला बोलाविले. तो अकरा वर्षांचा होता आणि मुळीच भ्यालेला नव्हता.

"दोन होती, मास्तर. एक फादरनी दिलेलं, एक मावशीनं. एक ठेवलं, एक दिलं."

कोणाला दिले, असे विचारता कळले की, वर्गातील एका लिंगायत मित्राला. त्या मित्राच्या आजीने ते चित्र देवघरात बसवण्णांच्या तसबिरीशेजारी लावले होते आणि ती रोज त्यालाही फूल वाहत असे. हे ऐकून मुलाची आई काही वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "असं होय? मग राहू दे तिथं." चुलीची गोष्ट तेथेच संपली.

आमचे समाधान मात्र झाले नाही, कारण त्या ढिगाकडे पाहता पाहता आम्हांस आमचेच बालपण आठवले. निपाणीच्या परिसरात वाढलेल्या आमच्या पिढीतील कोणत्या मुलाने बिडीच्या बंडलांवरील छाप जमविले नाहीत? काडेपेट्यांचे छाप आणि सिगारेटची रिकामी पाकिटेही आम्ही रस्त्यातून वेचीत असू. त्यांचा डाव मांडला जाई व प्रत्येकाची किंमत ठरलेली असे. चारमिनारचे पाकीट सर्वांत हलके, कारण ते गल्लोगल्ली मिळे. परदेशी पाकीट कोणाला सापडले, तर त्या मुलाची ऐट आठवडाभर टिके. आमची ती संपत्ती फुकटची होती. दुसऱ्याने ओढून टाकलेले आम्ही उचलीत होतो. एका पैशाचीही तंबाखू आमच्यासाठी विकली जात नव्हती, एवढाच काय तो फरक.

एवढाच, असे आम्ही म्हणालो खरे, पण तो फरक लहान नव्हे. पाकिटातील चित्रांचा जन्मच मुळी तंबाखूच्या दुकानातला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत सिगारेटची कागदी पाकिटे लवचीक असत व आतील सिगारेटी मोडत. म्हणून आत पुठ्ठ्याचा एक ताठ तुकडा घालीत. पुढे त्या कोऱ्या पुठ्ठ्यावर जाहिरात आली, जाहिरातीच्या जागी नटी, सैनिक, पक्षी व खेळाडू आले, आणि मग कोणा हुशार व्यापाऱ्याने चित्रांस क्रमांक घातले. त्या क्रमांकांनी सारे बदलले. ज्याच्याकडे २४ चित्रे आहेत त्याला पंचविसावे आपल्याकडे नाही हे कळू लागले. इंग्लंडमध्ये विल्ससारख्या कंपन्यांनी २५ किंवा ५० चित्रांचे संच काढले. दुकानातून बाहेर पडणाऱ्या गृहस्थांकडे मुले चित्रासाठी हात पसरीत. पहिल्या महायुद्धात कागद दुर्मिळ झाला म्हणून १९१७ साली ही चित्रे बंद पडली, १९२२ च्या सुमारास पुन्हा सुरू झाली आणि १९४० साली दुसऱ्या युद्धाने ती पुन्हा थांबविली.

मग मुलांच्या खाऊने ती जागा घेतली. लंडनच्या बीबीसीवर नोव्हेंबर १९६३ मध्ये 'डॉक्टर हू' ही काळातून प्रवास करणाऱ्या गृहस्थाची मालिका सुरू झाली. दुसऱ्याच वर्षी तीमधील 'डालेक' नामक यंत्रवत् शत्रूंची ५० चित्रे निघाली, आणि ती कशाच्या पाकिटात? साखरेच्या सिगारेटींच्या! आपल्याकडे फँटम नावाने मिळत त्याच पांढऱ्या कांड्या. 'स्टार ट्रेक' ह्या अमेरिकन अंतराळमालिकेची ७२ चित्रे १९६७ साली निघाली. टॉप्स कंपनीने १९७६ साली ८८ चित्रांचा संच काढला, तोवर साखरेच्या सिगारेटीची जागा च्युइंगगमने घेतली होती. परग्रहवासी नवे होते. पाकिटाची युक्ती मात्र जुन्या तंबाखूवाल्याचीच राहिली.

ह्या नादाचा एक थोर मनुष्यही आम्हांस माहीत आहे. अमेरिकेतील सिराक्यूज गावचा जेफरसन बर्डिक हा एका कारखान्यातील साधा कामगार. संधिवाताने त्याची बोटे वाकडी झाली होती. त्याने तीन लाखांहून अधिक छापील चित्रे जमविली, त्यांची सूची केली आणि १९४७ पासून ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास देऊ लागला. नुसती देऊन तो थांबला नाही. त्या दुखऱ्या बोटांनी ती वह्यांत चिकटविण्याचे काम वर्षानुवर्षे केले. १९६३ च्या आरंभी ते पुरे झाले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये तो वारला. ज्या चित्रांस लोक कचरा म्हणत, त्यांवरून आता विद्वान लोक त्या काळची वेषभूषा व खेळ अभ्यासतात. त्याच्या सूचीत टी-२०६ म्हणून नोंदलेल्या संचातील होनस वॅग्नर ह्या खेळाडूचे एक चित्र २०२२ साली साडेबाहत्तर लक्ष डॉलर्सना विकले गेले. ते इतके दुर्मिळ, कारण वॅग्नरच्या हरकतीमुळे त्याची छपाई थांबली. मुलांनी आपल्या चित्रासाठी तंबाखू घेऊ नये म्हणून त्याने हरकत घेतली असे काही सांगतात. पैशाचा वाद होता असेही काही म्हणतात. आम्हांस पहिली हकीकत आवडते, परंतु आवडते म्हणून ती खरी असे नव्हे.

आता त्या मुलाकडे वळू. रागे भरण्यापेक्षा त्याला हिशेब दाखवावा असे आम्ही ठरविले व गणित शिकविणाऱ्या एका स्नेह्याची मदत घेतली. समजा, संच ५० चित्रांचा आहे, सर्व चित्रे सारखीच छापली आहेत आणि पाकीट बंद आहे. पहिली २५ निरनिराळी चित्रे सरासरी ३४ पाकिटांत मिळतात. मुलाला वाटते, अर्धे काम झाले. परंतु संपूर्ण संचास सरासरी २२५ पाकिटे लागतात! ४९ चित्रे हाती असताना शेवटच्या एकासाठीच सरासरी ५० पाकिटे फोडावी लागतात. पाच रुपयांप्रमाणे सगळ्यांचे ११२५ रुपये झाले. आणि एखादे चित्र मुद्दाम कमी छापले असेल, तर त्याला मर्यादा नाही.

मुलाने तो कागद दोनदा वाचला. "म्हणजे आईच्या किती बिड्या?" असे त्याने विचारले. आई शेजारीच होती. तिने तोंडी हिशेब करून सांगितले. तो आकडा आम्ही येथे देत नाही. मुलगा मात्र बराच वेळ काही बोलला नाही.

त्याने चित्रे सोडली नाहीत. चार मित्रांनी मिळून एकच संच करायचा, दुबार चित्रे दुसऱ्या आळीतील मुलांशी बदलायची आणि आठवड्यास एकाहून अधिक पाकीट कोणी घ्यायचे नाही, असे त्यांचे त्यांनीच ठरविले. आम्ही सुचविले नव्हते. धर्मशिक्षणाच्या वर्गात दरवर्षी तेच चित्र मिळाले की आम्हीही बाकाखालून अशीच अदलाबदल करीत असू, हे त्यांना सांगण्याचा मोह आम्ही कष्टाने आवरला.

तो मुलगा आता बेळगावात नोकरीस आहे. गेल्या नाताळात आईसह भेटावयास आला, तेव्हा ती वही त्याच्यापाशी होती; चौघांत चिठ्ठ्या टाकून ती त्याच्या वाट्यास आली आहे. आम्ही पाने उलटली. एकच चौकोन रिकामा होता, क्रमांक ३७. सर्व आळ्या धुंडाळल्या, निपाणीच्या बाजारात विचारले, ते चित्र काही सापडले नाही, असे त्याने सांगितले.

"सापडेल कसं?" आई म्हणाली. "हरवलेलं शोधून देणारा संत तर आधीच देऊन बसलास."