सुरक्षेच्या साधनांचा ‘जनक’ कोण, हा प्रश्नच चुकीचा का आहे?

१/
वाहतूक दिव्याचा जनक कोण, हा प्रश्न समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी विचारला जातो आणि दर वेळी एक नवे छायाचित्र ‘जनक’ म्हणून मिरवले जाते. कधी लंडनचे जे. पी. नाइट, कधी क्लीव्हलँडचे जेम्स होग, कधी डेट्रॉइटचे पोलीस अधिकारी विल्यम पॉट्स, तर कधी गॅरेट मॉर्गन. चौघांचाही वाटा खरा आहे. चुकीचा आहे तो प्रश्न. सुरक्षेचे साधन कोणाला सुचले, एवढ्याने माणसांचे प्राण वाचलेले नाहीत. ते बसवणे कंपन्यांना कोणी आणि केव्हा भाग पाडले, यावर ते वाचले आहेत.

२/
नाइट यांच्यापासूनच आरंभ करू. डिसेंबर १८६८ मध्ये ब्रिटिश संसदेबाहेर त्यांचा सिग्नल उभा राहिला. दिवसा खालीवर होणारे बाहू, रात्री गॅसवर जळणारे लाल-हिरवे दिवे. तो बनवला सॅक्सबी अँड फार्मर या रेल्वे सिग्नल बनवणाऱ्या कंपनीने. म्हणजे रस्त्यावरचा पहिला सिग्नल हा रेल्वेच्या बाजारपेठेतून आलेला माल होता. पुढच्याच महिन्यात गॅसगळतीने स्फोट होऊन तो चालवणारा पोलीस जखमी झाला. त्यानंतर लंडनच्या रस्त्यांवर पुन्हा सिग्नल दिसायला जवळजवळ सहा दशके लागली.

३/
याच कंपनीच्या जॉन सॅक्सबी यांनी १८५६ साली अधिक मोलाच्या एका यंत्रणेचे पेटंट घेतले होते. ती म्हणजे सांधे आणि सिग्नल यांना एकमेकांशी जखडणारे इंटरलॉकिंग. सांधा चुकीच्या रुळाकडे वळलेला असेल, तर सिग्नल ‘जा’ म्हणूच शकणार नाही, ही त्यामागची कल्पना. यंत्र तयार होते, विक्रीस होते, सरकारी निरीक्षक त्याची शिफारसही करत होते. तरीही ते बसवायचे की नाही, हे अनेक कंपन्या आपल्या जमाखर्चाकडे पाहून ठरवत राहिल्या.

४/
१२ जून १८८९. आयर्लंडमधील आर्मा येथे सहलीला निघालेली, मुलांनी भरलेली गाडी चढावर अडकली. चालकांनी ती तोडून पुढचा भाग नेण्याचे ठरवले. गाडीला ब्रेक होते, पण डबे सुटताच निकामी होणारे. मागचे डबे उतारावरून उलटे धावले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जण मृत्युमुखी पडले. डबे सुटले तर आपोआप लागणारा ब्रेक तेव्हा अस्तित्वात होता. या गाडीला तो नव्हता.

५/
त्याच वर्षी, अवघ्या काही आठवड्यांत, ब्रिटिश संसदेने कायदा केला. प्रवासी गाड्यांना स्वयंचलित ब्रेक, इंटरलॉकिंग आणि दोन स्थानकांमधील एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी सोडणारी पद्धत, या तिन्ही गोष्टी सक्तीच्या करण्याचे अधिकार सरकारला मिळाले. सॅक्सबींचे पेटंट आणि हा कायदा यांत ३३ वर्षांचे अंतर आहे. या ३३ वर्षांत कोणतेही ज्ञान कमी पडले नव्हते.

६/
अमेरिकेतही हेच घडले. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट १८६९ मध्ये घेतले. ईली जॅनी यांनी आपोआप जुळणाऱ्या कपलरचे पेटंट १८७३ मध्ये मिळवले. तरीही मालगाड्यांवरील कामगार पुढची कित्येक वर्षे दोन डब्यांमध्ये उभे राहून हाताने कडी अडकवत होते. त्यात दरवर्षी हजारो जण जखमी होत, बोटे गमावत. सेफ्टी अप्लायन्स कायदा झाला २ मार्च १८९३ रोजी. कंपन्यांना मुदत मिळाली १८९८ पर्यंत आणि ती पुढे १९०० पर्यंत वाढवण्यात आली.

७/
याला केवळ कंपन्यांचा दुष्टपणा म्हणणे सोपे, पण अपुरे आहे. एका कंपनीचे डबे दुसरीच्या गाडीत जोडले जात. एकट्याने ब्रेक बसवले, तर खर्च आपला आणि ब्रेक नसलेल्या डब्यांच्या रांगेत लाभ कोणालाच नाही. बाजार अशा वेळी सर्वांना थांबायला शिकवतो. सर्वांनी एकदम बसवावे, असे सांगणारा कोणीतरी बाजाराबाहेरचाच लागतो.

८/
‘पेटंटची अडचण होती’ हा युक्तिवादही तपासून पाहावा. व्होल्वोचे अभियंते नील्स बोहलीन यांनी १९५९ मध्ये तीन बिंदूंचा सीटबेल्ट सिद्ध केला आणि कंपनीने तो इतर उत्पादकांना वापरण्यास मोकळा ठेवला. फुकट मिळणारी सुरक्षा तरी वाऱ्यासारखी पसरायला हवी होती. अमेरिकेत नव्या मोटारींना सीटबेल्ट सक्तीचे झाले १९६८ मध्ये, तेही राल्फ नेडर यांचे पुस्तक आणि १९६६ चा कायदा यांनंतर. भारतात पुढच्या आसनांसाठी ही सक्ती आली १९९४ मध्ये.

९/
आता जागतिक व्यापाराचे सर्वांत उघडे उदाहरण. ह्युंदाईची आय-टेन चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरमध्ये बनत असे आणि तेथूनच युरोपला जात असे. युरोपीय धडक चाचणीत २००८ साली तिला प्रौढांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच मोटारींची, एअरबॅग नसलेल्या रूपांत, चाचणी केली: अल्टो ८००, नॅनो, फिगो, आय-टेन आणि पोलो. पाचही मोटारींना शून्य तारे मिळाले. तीच पोलो दोन एअरबॅगसह धडकवली, तेव्हा तिला चार तारे मिळाले.

१०/
अमेरिकेत पुढच्या दोन्ही आसनांना एअरबॅग १९९० च्या दशकाच्या अखेरीस सक्तीच्या झाल्या. भारतात नव्या मॉडेलसाठी त्या सक्तीच्या झाल्या १ एप्रिल २०२१ रोजी. मधल्या काळात भारतीय देह अधिक कणखर होते, असे कोणी म्हणणार नाही. उत्पादक त्या त्या देशाच्या कायद्याला पुरेल एवढीच सुरक्षा विकत होते.

११/
‘भारतीय ग्राहकाला स्वस्त गाडी हवी असते, सुरक्षा नको असते’ हे उत्तर ठरलेले आहे. परंतु २०१४ पूर्वी त्या ग्राहकाला धडक चाचणीचा निकाल दाखवला तरी कोणी होता? निकाल जाहीर होऊ लागले आणि २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले, तेव्हा तेच तारे जाहिरातीत झळकू लागले. मागणी नव्हती असे नाही, माहिती नव्हती. आणि ज्याला महाग गाडी परवडत नाही, त्याच्या फासळ्या स्वस्त असतात, हा नियम कोणत्या नीतिशास्त्रात आहे?

१२/
नुसता कायदा पुरत नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे. कायदा कोणाला बांधतो, हेही पाहावे लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ दुचाकीस्वाराला प्रमाणित हेल्मेट घालायला सांगते. अप्रमाणित हेल्मेट बनवणे आणि विकणे रोखणारा आदेश लागू झाला १ जून २०२१ रोजी. म्हणजे तीन दशके दंडाची पावती डोक्याला मिळत होती आणि पदपथावर तकलादू हेल्मेट विकणारा बाजार निर्धास्त होता. आजही त्या पदपथांवरून फेरी मारली, तर आदेश किती पोहोचला आहे ते दिसते.

१३/
म्हणून पुढच्या वेळी ‘अमुक साधनाचा जनक’ अशी पोस्ट समोर आली, की इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिच्याखाली तीन तारखा मागाव्यात: पेटंट कधी मिळाले, सक्ती कधी झाली, आणि आपल्या देशात ती कधी आली. जनकाचे नाव पहिल्या तारखेशेजारी लिहिलेले असते. उरलेल्या दोन तारखांपर्यंत जे मेले, त्यांची नावे कोणत्याही पोस्टमध्ये नसतात; इतिहासलेखनाचे काम तेथून सुरू होते.