आकडा कुठून आणला, भाई?

बारावीचा निकाल लागला की पिंपळनेरच्या मोहल्ल्यात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, "चांगल्या कॉलेजात आपल्या पोरांना घेतच नाहीत." दुसरे, "आपली पोरं अभ्यासच करत नाहीत." दोघांनाही विचारा, आकडा कुठून आणला? उत्तर एकच: व्हॉट्सॲपवर आला होता.

माझ्या मामेबहिणीने अशाच एका फोटोवर विश्वास ठेवला. मुंबईच्या एका कॉलेजचा कटऑफ त्यात होता, तो पाहून तिने ते कॉलेज पसंतीक्रमात टाकलेच नाही. नंतर मी सीईटी सेलची मूळ पीडीएफ उघडली. फोटोतला आकडा खुल्या जागेचा होता. त्याच पानावर अल्पसंख्याक जागेचा आकडा तिच्या पर्सेंटाइलपेक्षा खाली होता. तिला कोणी अडवले नव्हते. आम्ही घरच्यांनी खातरजमा केली नव्हती.

म्हणून आधी आपल्या घरापासून. महाराष्ट्रात इंजिनीअरिंगचे कटऑफ सीईटी सेल फेरीनिहाय जाहीर करते. एकाच शाखेचे डझनभर आकडे असतात: खुला, ओबीसी, मुलींचा, 'एमआय' म्हणजे अल्पसंख्याक. फॉर्ममध्ये अल्पसंख्याक म्हणून नोंद केली नसेल तर 'एमआय'ची जागा मिळत नाही. पर्सेंटाइल म्हणजे मार्क नव्हेत. परीक्षार्थी वाढले की त्याच पर्सेंटाइलचा गुणवत्ता क्रमांक मागे जातो, म्हणून गेल्या वर्षाशी तुलना करताना क्रमांकही बघा. आयआयटी-एनआयटीसाठी जोसा शाखानिहाय पहिला आणि शेवटचा रँक देते. आणि फ्लेक्सवरच्या 'हायेस्ट पॅकेज'वर जाऊ नका. एनआयआरएफला दिलेल्या माहितीत किती जणांना नोकरी लागली आणि मधला पगार किती, हे कॉलेजला लिहावे लागते.

हे झाले आपले काम. आता सरकारचे.

मोठ्या कॉलेजांत मुस्लिम मुले-मुली किती, हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. जोसाच्या यादीत धर्म नाही. एनआयआरएफच्या तक्त्यात एससी, एसटी, ओबीसी मिळून एक रकाना आहे, अल्पसंख्याकांचा नाही. आपल्या खान्देशातला तडवी मुलगा एसटीत मोजला जातो, पिंजारी मुलगी ओबीसीत. मुस्लिम म्हणून दोघेही दिसत नाहीत.

गंमत म्हणजे माहिती गोळा होते. केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात, म्हणजे 'आयशे'त, प्रत्येक कॉलेज मुस्लिम विद्यार्थ्यांची संख्या भरते. पण अहवालात हाती येतात त्या देशाच्या आणि राज्यांच्या बेरजा. त्या बेरजाही बोलक्या आहेत: २०१९-२० मध्ये देशात २१ लाख मुस्लिम विद्यार्थी होते, २०२०-२१ मध्ये १९.२१ लाख, २०२१-२२ मध्ये पुन्हा २१.१ लाख. त्या वर्षी एकूण विद्यार्थी होते ४.३३ कोटी. म्हणजे शंभरात पाचही नाहीत, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतला वाटा १४.२ टक्के. गळती नेमकी कुठे होते? दहावीनंतर, सीईटीत, की फीच्या पावतीपाशी? कॉलेजनिहाय आकड्याशिवाय याचे उत्तर मिळणार नाही.

"धर्म मोजला की फूट पडते," असे काही जण म्हणतात. अरे, मोजून तर झाले आहे! रकाना आहे, नोंद आहे. बेरीज करून छापायला एक क्वेरी लागते. माझे रोजचे कामच ते आहे. जो आकडा सरकारजवळ आहे पण आपल्याजवळ नाही, त्यावर धोरणही होत नाही आणि जाबही विचारता येत नाही.

तेव्हा मागा. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, महाराष्ट्रात तो एकाच विषयावर आणि १५० शब्दांत लिहायचा, उत्तराची मुदत ३० दिवस. सीईटी सेलला विचारा: गेल्या पाच वर्षांत कॉलेजनिहाय अल्पसंख्याक जागा किती होत्या, अल्पसंख्याक उमेदवारांनी किती भरल्या, किती जागा रिकाम्या राहून इतरांकडे गेल्या? नकार आला तर अपील करा.

आणि गुणगौरव सोहळे भरवणाऱ्या आपल्या बुजुर्गांना अदबीने एक प्रश्न: स्टेजवर वीस मुलांना हार घातले, पण परीक्षेला बसली किती होती? तो आकडाही फलकावर लिहा.

बातमी आली तर आधी खातरजमा करा, हा सूरह हुजुरातचा हुकूम आपल्याला तोंडपाठ आहे. फॉरवर्डचे बटण दाबताना तो आठवत नाही, एवढेच.