गरिबांचा पक्ष आणि एकवीस हजारांचा दाखला

निवडणूक लोकसभेची असो, विधानसभेची असो की साध्या नगरपालिकेची, आपल्याकडे एक वाद हटकून रंगतो. गोरगरिबांचे खरे हित कोणता पक्ष पाहतो? सकाळी फिरून आलेल्यांच्या बाकावर, एस. टी.त, सलूनमध्ये नंबर लागेपर्यंत, कुठेही हा वाद ऐकायला मिळतो. एकजण म्हणतो, बँका गरिबाला दिसल्या त्या 1969 नंतर, इंदिराबाईंनी राष्ट्रीयीकरण केले म्हणून. दुसरा म्हणतो, दिसल्या खऱ्या, पण खाते निघाले ते 2014 नंतर. आणि गॅसची शेगडी, संडास कोणी दिले तेही सांगा. तिसरा जुना समाजवादी असतो. तो म्हणतो, तुम्ही दोघेही दिल्याच्या गोष्टी करता. 1972 साली मृणालताई आणि अहिल्याताई लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या नसत्या, तर रॉकेल आणि गोडेतेल कोणी दिले असते? मग चहा येतो आणि वाद उद्यावर जातो.

या वादात एक गोष्ट नेहमी नजरेला येते. वाद घालणाऱ्यांत गरजू माणूस क्वचितच असतो. तो चहा आणून देत असतो, किंवा त्या वेळी कुठल्या तरी कचेरीच्या रांगेत उभा असतो. त्याला विचारले तर तो बहुधा हसतो आणि म्हणतो, “देतील त्याचं घ्यायचं, साहेब.” याला काहीजण लाचारी म्हणतात. मला त्यात व्यवहारज्ञान दिसते. पक्षांवर त्याचा जितका विश्वास आहे, तितकाच तो दाखवतो.

2024 च्या जूनमध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात महायुती सरकारने ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर केली. दरमहा 1,500 रुपये. नोव्हेंबरात निवडणूक आली, तेव्हा महाविकास आघाडीने 3,000 रुपयांचे आश्वासन दिले आणि महायुतीने 2,100 चे. लिलावात बोली चढावी तसा हा प्रकार होता. ही कल्पना कोणा एका पक्षाच्या मालकीचीही नव्हती. बंगालमध्ये तृणमूलने 2021 साली, मध्य प्रदेशात भाजपने, कर्नाटकात काँग्रेसने आणि तमिळनाडूत द्रमुकने 2023 साली अशीच योजना आणलेली होती. चार पक्ष, चार विचारसरण्या, आणि पासबुकावरची नोंद मात्र एकाच तऱ्हेची. अशा वेळी गरिबांचा पक्ष कोणता, हे आश्वासनाच्या आकड्यावरून ठरवू गेलो तर हाती काही लागणार नाही.

या पैशांना ‘रेवडी’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. ज्या बाईच्या हातात आयुष्यात कधी स्वतःचे म्हणून शंभर रुपये आले नाहीत, तिच्या खात्यात दीड हजार जमा होतात याचा अर्थ काय, हे काउंटरच्या आतल्या बाजूने जन्म काढलेल्याला तरी सांगावे लागू नये. माझा प्रश्न वेगळा आहे. ही रक्कम कोणाला मिळते, कोणाला मिळत नाही, आणि निवडणूक नसलेल्या वर्षी तिचे काय होते?

पक्षाचे धोरण आणि गरजू माणूस यांची गाठ पडते ती जाहीरनाम्यात नव्हे. एका टेबलापाशी पडते. ते टेबल कधी तलाठ्याचे असते, कधी ग्रामसेवकाचे, कधी बँकेच्या शेतकी अधिकाऱ्याचे. मी नोकरीत होतो तेव्हा ‘एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम’ जोरात होता. हा कार्यक्रम सुरू झाला 1978-79 साली, जनता पक्षाच्या राजवटीत. आणि देशातल्या सगळ्या विकास गटांत तो नेला 2 ऑक्टोबर 1980 पासून, काँग्रेसने. म्हणजे श्रेय वाटायचे तर दोघांना निम्मे निम्मे. अत्यल्पभूधारकाला आणि शेतमजुराला एकतृतीयांश अनुदान, आदिवासीला निम्मे, बाकीचे बँकेचे कर्ज. कागदावर उत्तम. पण मार्चअखेरीचे उद्दिष्ट डोक्यावर असले म्हणजे गावात जितक्या म्हशी नसत तितक्या म्हशींची प्रकरणे मंजूर होत. म्हशीच्या कानात विम्याचा बिल्ला मारायचा. ती मेली तर बिल्ल्यासकट कान कापून आणायचा, तरच भरपाई. आपले दुभते जनावर मेलेल्या माणसाने आधी सुरी शोधायची! हा नियम दिल्लीत कोणत्या पक्षाचे सरकार आहे यावर अवलंबून नव्हता. जनता पक्ष गेला, काँग्रेस आली, पुन्हा गेली. कान कापायचा तो कापावा लागतच राहिला.

मग 1990 साल आले. विश्वनाथ प्रताप सिंहांच्या सरकारने दहा हजार रुपयांपर्यंतच्या थकलेल्या शेती व ग्रामीण कर्जांना माफी दिली. 2 ऑक्टोबर 1989 रोजी जो थकबाकीदार होता, तो पात्र. हा दिनांक मी विसरणे शक्य नाही. त्याच्या आधी कोणी डोरले मोडून, कोणी बोकड विकून हप्ता भरलेला होता, आणि ती माणसे काउंटरवर येऊन शांतपणे विचारीत, “साहेब, भरलं ते चुकलं का आमचं?” यांना उत्तर देण्याची तरतूद परिपत्रकात नव्हती. 2008 ची केंद्राची माफी याहून कितीतरी मोठी, सुमारे 71 हजार कोटींची. तिच्या तपासणीचा महालेखापालांचा अहवाल 2013 साली आला, तेव्हा अपात्रांना माफी मिळाल्याची आणि पात्र असलेले वगळले गेल्याची उदाहरणे त्यात निघाली. आणि सगळ्याच माफ्यांतून वगळला जाणारा एक माणूस आहे; त्याचा उल्लेख कोणत्याच अहवालात ठळकपणे येत नाही. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याला बँक पीककर्ज देत नाही. ज्याला कर्जच नाही, त्याचे माफ काय करणार? त्याचे कर्ज सावकाराकडे असते आणि ते कोणतेही सरकार आले तरी चालूच राहते.

येथे कोणी म्हणेल, म्हणजे सगळे पक्ष सारखेच. तसे मी म्हणत नाही. तो आळशी माणसाचा निष्कर्ष झाला. फरक असतो, पण तो बारीक अक्षरात असतो. महाराष्ट्रातल्याच दोन कर्जमाफ्या शेजारी ठेवून पाहा. 2017 साली फडणवीस सरकारने दीड लाखापर्यंतची माफी दिली. तिच्यासाठी शेतकऱ्याने संगणकावर अर्ज भरायचा होता. पेरणी सोडून नवरा-बायको केंद्रापुढे रांगेत, सर्व्हर बंद, अंगठा उमटत नाही, असे ते दिवस गेले. 2019 च्या डिसेंबरात ठाकरे सरकारने दोन लाखांपर्यंतची माफी जाहीर केली, तेव्हा अर्जच ठेवला नाही. बँकांनी याद्या द्यायच्या, याद्या गावात लागायच्या, शेतकऱ्याने फक्त आधार पटवायचे. एवढ्यावरून दुसरे सरकार जास्त दयाळू ठरत नाही. पहिल्याच्या अनुभवाचा त्याला आयता लाभ झाला होता, आणि पहिल्याचे म्हणणे अपात्रांना गाळायचे होते असे होते, तेही अगदी खोटे नाही. पण रांगेत उभे राहणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक रकमेतल्या फरकाएवढाच मोठा होता. बाकावरच्या वादात मात्र तो कधी येत नाही.

गरिबांसाठी आपल्या राज्यात जे सर्वांत मोलाचे झाले असे मला वाटते, त्याचे श्रेय कोणा एका पक्षाला देता येत नाही, आणि म्हणूनच बहुधा कोणी त्याचा झेंडाही मिरवीत नाही. रोजगार हमी. वि. स. पागे काँग्रेसचे, विधान परिषदेचे सभापती. 1965 च्या सुमारास सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात त्यांनी या कल्पनेचा पहिला प्रयोग केला. 1972-73 च्या दुष्काळाने ती कल्पना सरकारच्या गळी उतरवली. दुष्काळी कामांवर मजुरांना संघटित करून मजुरी मागायला लावली ती शेकाप, लाल निशाण, समाजवादी, कम्युनिस्ट यांनी. कायदा 1977 साली विधिमंडळात मंजूर झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. खडी फोडणाऱ्या बाईला काम मागण्याचा अधिकार मिळाला. मेहेरबानीचा प्रश्न उरला नाही.

आणि पैसा कोठून आणायचा, हेही त्या वेळच्या राज्यकर्त्यांनी लपवले नाही. 1975 साली व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदाराच्या चिठ्ठीतून दरमहा काही रुपये कापायचे आणि ते गावातल्या मजुराच्या कामासाठी वापरायचे. आजही पगाराच्या चिठ्ठीवर ती दोनशे रुपयांची कपात दिसते. ती कशासाठी सुरू झाली, हे माझ्या हाताखालच्या तरुण अधिकाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असे. शहराकडून घेऊन खेड्याला देतो, असे मतदारांच्या तोंडावर सांगणारे सरकार आणि ते ऐकून घेणारा विरोधी पक्ष, दोन्ही तेव्हा होते. आज दीड हजार, एकवीसशे, तीन हजार असे आकडे बोलले जातात तेव्हा ‘कोणाकडून घेऊन?’ हा प्रश्न कोणताच पक्ष स्वतःहून घेत नाही.

त्याच कल्पनेवर 2005 साली केंद्राचा कायदा झाला, शंभर दिवसांच्या कामाचा. 2025 च्या डिसेंबरात संसदेने त्याच्या जागी 125 दिवसांचा नवा कायदा मंजूर केला. वाद झाला तो मुख्यतः महात्माजींचे नाव गेल्यावरून आणि पंचवीस दिवस वाढल्यावरून. मजुराच्या दृष्टीने महत्त्वाचे कलम दुसरेच. राज्याला किती रक्कम द्यायची हे केंद्राने आधी ठरवायचे आणि त्यावरचा खर्च राज्याने सोसायचा, अशी त्यात व्यवस्था आहे. मग ठरलेली रक्कम संपल्यावर काम मागायला आलेल्या माणसाला कोण हो म्हणणार? दिवस 125 असोत की 200, प्रश्न तोच राहतो.

आता ज्या आकड्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येतो. राज्यात संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 पासून आहे. विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजाराचे रुग्ण यांच्यासाठी. अंतुल्यांच्या काळातली ही योजना पुढच्या प्रत्येक सरकारने चालू ठेवली, नावही कोणी बदलले नाही, हे नमूद केले पाहिजे. अनुदान 2019 साली सहाशेचे हजार झाले आणि 2023 साली दीड हजार, दोन्ही वेळा भाजपचा सहभाग असलेल्या सरकारांत. तेही त्यांच्या खात्यावर जमा करू. पण पात्रतेची अट पाहा. लाडकी बहीण योजना आली त्या वर्षी, निराधार म्हणवून घेण्यासाठी कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला 21 हजारांच्या आत असावे लागत होते. म्हणजे दिवसाला 58 रुपयेही नाहीत. लाडक्या बहिणीसाठी मर्यादा अडीच लाख. भागाकार करून पाहिला तर महिन्याला 20,833 रुपये. जे एकीचे महिन्याचे उत्पन्न चालते, तेवढे वर्षाचे असेल तरच दुसरी निराधार ठरते. दोन्ही योजनांची रक्कम तीच, दीड हजार.

58 रुपयांत कुटुंब चालत नाही हे तलाठ्याला कळते, तहसीलदारालाही कळते. म्हणून तलाठी दाखल्यावर एकवीस हजार लिहितो आणि तो लिहितो म्हणून विधवेचे पोट भरते. म्हणजे सबंध योजना एका सौजन्यपूर्ण खोट्यावर उभी आहे. पण खोटे लिहायचे की नाही, हे ज्याच्या मर्जीवर असते त्याच्याकडे जायला मधला माणूस लागतो. तो मधला माणूस कुठल्या ना कुठल्या पक्षाचा कार्यकर्ता असतो. गावात ‘अमका पक्ष गरिबांची कामे करतो’ असे जे म्हणतात, त्याचा अर्थ पुष्कळदा एवढाच. अट वाढवली, तर विधवेचा त्रास वाचेल. कार्यकर्त्याचे काय होईल, हे सांगायला नको.

केंद्राचा आकडा तर याहून बोलका आहे. वृद्धांसाठीचे केंद्राचे साहाय्य नरसिंह रावांच्या काळात, 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाले. दरमहा 75 रुपये. 2006-07 साली ते 200 झाले. त्यानंतर मनमोहन सिंगांचे सरकार 2014 पर्यंत होते, त्यापुढे मोदींचे. साठ ते एकोणऐंशी वयाच्या म्हाताऱ्यासाठी केंद्राचा वाटा 2025 सालीही 200 रुपयेच होता. संसदेच्या समित्यांनी वाढवा म्हटले, वाढला नाही. मी बँकेचा निवृत्तिवेतनधारक. माझा महागाई भत्ता निर्देशांकाला बांधलेला आहे. फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये त्याचा हिशेब आपोआप होतो. त्यासाठी मला कोणत्या पक्षाला मत द्यावे लागत नाही, कोणाच्या सभेला जावे लागत नाही. आमच्या संघटनांनी वाटाघाटी करून हे मिळवले, त्याबद्दल मला संकोच नाही. पण डाळ माझ्यासाठी जेवढी महागते, तेवढीच त्या म्हाताऱ्यासाठीही महागते.

पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारावर येतील, तेव्हा बाकावरच्या माझ्या मित्रांनी त्यांना तीनच गोष्टी विचाराव्यात. निराधारांसाठीची उत्पन्नाची अट किती करणार? केंद्राचे दोनशे रुपये महागाईला बांधणार का? आणि या दोन्हींचा पैसा कोणाच्या पगाराच्या चिठ्ठीतून येणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘तुमच्या’ असे आले, तर बाकावर काय होईल, याची मला उत्सुकता आहे.