दुकानाला कुलूप लावा, चार दिवस दुनिया पाहून या

व्यापारी आणि कारागीर बांधवांनो, शाळांच्या सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या बाजारात दोन तऱ्हेची बोलणी कानावर येतात. अमक्याचे चिरंजीव बायकोपोरांसह दुबईला निघाले, तमक्याने सिंगापूरचे बुकिंग केले, ही एक तऱ्हा. "आम्हाला कुठली आली सुट्टी? दुकान कोण बघणार?" ही दुसरी. पहिले ऐकून आम्हाला हेवा वाटतो आणि दुसरे ऐकून आम्ही माना डोलावतो. पण नीट विचार केला तर दोन्हीकडे चूक आहे. एकजण उसन्या पैशाने लांब जाऊन काही न पाहता परत येतो. दुसरा आयुष्यभर फिरूनही काही पाहत नाही, आणि तो दुसरा म्हणजे आम्ही स्वतःच.

तीस वर्षे सुरत, पण सुरत पाहिली नाही

कापडाच्या खरेदीसाठी आम्ही तीस वर्षे सुरतेला जात आहोत. रात्रीची गाडी, सकाळी लॉजवर अंघोळ, दिवसभर रिंग रोडची मार्केटे, दलालाबरोबर चहा, भावाची घासाघीस, उधारीची मुदत, पार्सलची पावती, आणि पुन्हा रात्रीची गाडी. काही वर्षांपूर्वी धाकट्या मुलीने सहज विचारले, "अब्बा, सूरत कैसा है?" आम्ही सांगायला तोंड उघडले, आणि मीटरचा भाव व ट्रान्सपोर्टचा दर यापलीकडे आमच्याजवळ सांगण्यासारखे काही नाही हे ध्यानात आले.

मग तिनेच पुस्तकात वाचून आम्हाला सांगितले. मोगल काळात हजला जाणारी जहाजे सुरतेहून सुटत, म्हणून या बंदराला मक्केचा दरवाजा म्हणत. हाजी आणि मुसाफिरांसाठी १६४४ साली बांधलेली मुघलसराई आजही उभी आहे आणि तिच्यात सुरत महानगरपालिकेचे कार्यालय भरते. तापीकाठचा किल्ला सोळाव्या शतकातला आहे. हे सारे आमच्या मार्केटपासून रिक्षाच्या अंतरावर होते. आम्ही एकदाही रिक्षा तिकडे वळवली नाही.

आमच्या थोरल्या बंधूंची गोष्ट याहून कठीण. "दुकान एकदा लाईनीला लागू दे, मग काश्मीर बघू," असे ते भाभींना दरवर्षी सांगत. अल्लाहच्या कृपेने दुकान लाईनीला लागले, पण तोवर गुडघे गेले. आज ते गादीवर बसून हिशेब पाहतात आणि घरापासून दुकानापर्यंतचा प्रवास रिक्षाने करतात. भाभींनी कधी तक्रार केली नाही. पण टीव्हीवर डोंगर आणि बर्फ दिसू लागले की त्या हातातले काम थांबवून पाहत बसतात, हे आम्ही पाहिले आहे.

प्रवासातून गावाला काय मिळाले?

"फिरून काय मिळते?" असे विचारणाऱ्याने आमच्या कोल्हापूरकडे पाहावे. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले. त्या सफरीत त्यांनी रोमचे जुने गोल प्रेक्षागृह पाहिले. त्यावरून १९१२ साली आमचे खासबाग मैदान उभे राहिले. हजारो माणसे चारी बाजूंनी बसतात आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कुस्ती साफ दिसते. रोम लाखो लोक पाहतात. महाराजांनी ते पाहताना मनात आपल्या तालमी आणि आपले पैलवान ठेवले होते, म्हणून ते काहीतरी घेऊन परतले.

कोल्हापूर आणि इटली यांचा संबंध त्याहूनही जुना आहे. आधीचे छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परतताना १८७० साली फ्लॉरेन्स येथे अवघ्या विशीत वारले. तेथे नदीकाठच्या बागेत त्यांचे स्मारक आहे आणि जवळच्या पुलाला आजही 'हिंदी माणसाचा पूल' अशा अर्थाचे नाव आहे. आणि अगदी अलीकडे, जून २०२५ मध्ये, मिलान शहरातल्या प्रदर्शनात प्राडा कंपनीने आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या, तेव्हा कोल्हापूरचे नाव घेतले नव्हते. आपल्याकडून ओरड झाली, कंपनीने प्रेरणा कुठली ते मान्य केले आणि जुलैमध्ये तिची माणसे कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. ज्या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती समजून घ्यायला मिलानची माणसे इथवर आली. आपण मात्र शेजारच्या जिल्ह्यातला कारागीर काय करतो ते पाहायला जात नाही.

आधी जवळचे पाहा

आमची पहिली शिफारस विजापूरची. आता त्याचे सरकारी नाव विजयपुरा आहे. मिरज-जतच्या वाटेने सकाळी निघालेला माणूस दुपारी गोल घुमटासमोर उभा राहतो. मोहम्मद आदिलशहाचा हा मकबरा १६५६ च्या सुमारास झाला. आतल्या सज्जात भिंतीशी हळू बोललेला शब्द समोरच्या टोकाला ऐकू येतो, हे पोरांना फार आवडते. पण पोरांना तिथेच सोडून घाईने परतू नका. इब्राहिम रौजा जरूर पाहा. दगडातली जाळी आणि अक्षरे पाहून आमच्या एका जरीकाम करणाऱ्या मित्राने तिथेच खिशातली वही काढली आणि तीन नक्षी उतरवून घेतल्या. प्रवासाचे भाडे त्याचे तिथेच वसूल झाले.

दुसरी शिफारस बीदरची. व्यापाऱ्याने तर ते पाहिलेच पाहिजे, कारण तिथे महमूद गावानचा मदरसा आहे. हे गृहस्थ इराणच्या गिलान भागातले. व्यापाराच्या निमित्ताने दख्खनला आले आणि पुढे बहमनी राज्याचे वजीर झाले. १४७२ साली त्यांनी उभारलेल्या मदरशाचा बराच भाग पुढे दारूच्या स्फोटात पडला, तरी उरलेल्या भिंतीवर रंगीत फरशांचे तुकडे अजून चमकतात. व्यापारी माणूस कमाईतून मागे काय ठेवू शकतो, हे तिथे भाषणाशिवाय समजते.

त्याच गावात बिदरी कामाचे कारखाने आहेत. जस्त आणि तांब्याच्या भांड्यावर चांदीची तार बसवतात आणि मग ते भांडे किल्ल्यातल्या मातीने काळे करतात. त्या मातीनेच तो काळा रंग चढतो आणि चांदी उठून दिसते. हुन्नर हातात असतो, पण काही वेळा तो मातीतही असतो, हे नमुना पाहून कळत नाही. त्यासाठी गावी जावे लागते.

कापडवाल्यांसाठी कच्छ

माती आणि पाण्याची हीच गोष्ट आम्हाला कच्छमध्ये पुन्हा दिसली. दुकानात आम्ही वर्षानुवर्षे 'अजरख' म्हणून छापील माल विकला. तो गिरणीचा माल होता आणि अस्सल कसा असतो हे आम्हालाच ठाऊक नव्हते. दोन वर्षांपूर्वी अहमदाबादच्या खरेदीला चार दिवस जोडले, बेगमना बरोबर घेतले आणि भुजजवळच्या अजरखपूरला गेलो.

हे गाव मोठे जुने नाही. अजरख छापणारी, सिंधमधून आलेली मुस्लिम खत्री घराणी पूर्वी धमडका गावात राहत. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात धमडका उद्ध्वस्त झाले. पाणीही बदलले, त्यात लोहाचा अंश वाढला आणि रंग पूर्वीसारखे उठेनात. तेव्हा बऱ्याच कुटुंबांनी चांगल्या पाण्याची जागा शोधून नवे गाव वसवले आणि त्याला आपल्या कामाचेच नाव दिले. घर पडले असतानाही या माणसांनी आधी पाणी शोधले, कारण पाणी नसेल तर धंदा नाही. त्यांच्यातले इस्माईल मोहम्मद खत्री यांना इंग्लंडच्या एका विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली आहे. लाकडी ठशांनी कापड दोन्ही बाजूंनी छापताना, नीळ आणि मंजिष्ठेत बुडवताना, पुन्हा पुन्हा धुताना पाहिले तेव्हा त्याची किंमत जास्त का, हे आम्हाला उमगले. आता गिऱ्हाईकाने विचारले तर आम्हाला खरे उत्तर देता येते, आणि गिरणीच्या मालाला गिरणीचा माल म्हणण्याची आम्हाला लाज वाटत नाही.

परत आल्यावर आम्ही एक तागा थोरल्या बंधूंपुढे ठेवला. त्यांनी तो बोटांत धरला, उलटून मागची बाजू पाहिली आणि विचारले, "पाणी कुठलं?" आयुष्यभर कापडात राहिलेल्या माणसाने बसल्या जागी नेमका तोच प्रश्न विचारला. त्यांनी ते गाव स्वतः पाहायला हवे होते, ही रुखरुख आमच्या मनातून जात नाही.

अहमदाबादला जाणाऱ्यांनी शाहीबागेतले कॅलिको वस्त्रसंग्रहालयही सोडू नये. १९४९ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयात आपल्या देशातले जुने कापड जपले आहे. तिथे आयत्या वेळी प्रवेश मिळत नाही. आधी नोंदणी करून जावे.

लांब जायचे असेल तर

ज्यांना अल्लाहने ऐपत दिली आहे त्यांनी परदेशही पाहावा. हज आणि उमरा यांची गोष्ट वेगळी. ती इबादत आहे, तिची गणती सैर-सपाट्यात आम्ही करत नाही. पण सैरच करायची तर दुबईच्या मॉलमध्ये, आपल्याकडेही मिळणारा माल दुप्पट भावाने घेण्यापेक्षा आम्ही दोन नावे सुचवू.

पहिले इस्तंबूल. तिथला झाकलेला बाजार सुलतान मोहम्मद फातेहने पंधराव्या शतकात सुरू केला आणि त्याचे उत्पन्न आया सोफिया मशिदीला वक्फ केले. आज त्यात हजारो दुकाने आहेत. त्याच्या सर्वांत जुन्या भागाला 'बेदेस्तान' म्हणतात. उर्दू शाळेत शिकलेल्यांना हा शब्द परका वाटणार नाही. कापड विकणारा तो बज़्ज़ाज़, आणि त्याच्या बाजाराचे नाव त्याच शब्दातून आले आहे. म्हणजे जगातला एवढा मोठा बाजार मुळात आमच्या धंद्याच्या नावाने सुरू झाला. मात्र रविवारी तो बंद असतो. शेकडो वर्षांचा बाजार आठवड्याला सुट्टी घेतो आणि तरी बुडत नाही, हेही आमच्या बांधवांनी ध्यानात घ्यावे.

दुसरे उझबेकिस्तानातले बुखारा. सोळाव्या शतकातले घुमटाखालचे बाजार तिथे अजून चालू आहेत. ज़रगरांचा एक, सर्राफांचा एक, टोपीवाल्यांचा एक. नावे ऐकूनच आपलेपणा वाटतो. त्याच देशात फरगाना खोऱ्यातल्या मर्गिलान गावी रेशमाचे सूत बांधून, रंगवून मग विणतात. आपल्याकडचा पाटणचा पटोळा आणि पोचमपल्लीची साडी पाहिलेल्या माणसाला ते काम ओळखीचे वाटेल आणि फरकही कळेल.

पैसा कुठून आणावा?

इथे आम्हाला थोडे कडू बोलावे लागेल. "आधी फिरा, मग हप्ते भरा" अशा जाहिराती आता सर्रास दिसतात. आमच्या ओळखीच्या एका तरुणाने अशाच कर्जावर परदेश केला. पाच दिवसांची सफर आणि अडीच वर्षांचे हप्ते. व्याजाबद्दल आपल्या वाचकांना आम्ही वेगळे काय सांगावे? पण निव्वळ धंद्याच्या हिशेबानेही हा सौदा तोट्याचा आहे. शेजाऱ्याला दाखवण्यासाठी केलेली सफर शेजाऱ्याच्या लक्षातही राहत नाही. हप्ता मात्र दर महिन्याला आठवण करून देतो.

"आम्ही शिलाई मशीनवर बसणारे, आम्हाला कुठले विजापूर आणि कुठले बीदर?" असे कारागीर बांधव म्हणतील. त्यांच्यासाठी आपल्या गल्लीतच उपाय आहे. भिशी आपण भांड्यांसाठी घालतो, लग्नासाठी घालतो, दुकानाच्या मालासाठी घालतो. एक भिशी प्रवासासाठी घाला. बारा कुटुंबे, दरमहा हजार रुपये. ज्याची पाळी येईल त्याच्या हाती बारा हजार. एस.टी. आणि रेल्वेने चार माणसांचे कुटुंब तेवढ्यात दोन-तीन दिवस विजापूर पाहून येईल. व्याज नाही, उपकार नाही. अट एकच ठेवावी. त्या पैशाने माल भरायचा नाही. वर्षभरात बारा घरांतली माणसे गावाबाहेरचे जग पाहून आलेली असतील.

आणखी एक. सहलीला गेल्यावरही घरच्या बायका स्टोव्ह, डबे आणि पोरांच्या कपड्यांत अडकल्या, तर ती सुट्टी फक्त पुरुषांची झाली. त्या दिवसांत खाणावळीत जेवा. कुठे जायचे हेही एकदा त्यांनाच ठरवू द्या. आमच्या घरी आम्ही विचारले तेव्हा बेगमनी समुद्र सांगितला. कोल्हापुरापासून रत्नागिरी किती लांब आहे? पण तीस वर्षांत आम्ही विचारलेच नव्हते.

दुकान चार दिवस बंद राहिले तर गिऱ्हाईक तुटेल ही भीती आम्हालाही होती. कच्छहून आलो तेव्हा जुने गिऱ्हाईक दारात येऊन विचारत होते, "कुठं गेला होता चाचा, काय आणलंसा?" आम्ही अजरख उलगडून दाखवला आणि गावाची हकीकत सांगितली. त्या दिवशी दुकानात माणसे नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली.

तेव्हा बांधवांनो, लग्नसराई संपली की पुढच्या खरेदीच्या फेरीला निदान एक दिवस जोडा, आणि घरातले एक माणूस बरोबर न्या. गुडघे चालतात तोवर हे करून घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.