नववीतल्या मुलांनी नाटक कुठे शिकायचं?

परवा शेजारच्या नववीतल्या मुलाला विचारलं, "नाट्यशिबिराला जातोस का रे?" म्हणाला, "काका, ते लहान मुलांचं असतं. माझे दहावीचे क्लास सुरू झालेत."

खरंय. आपल्याकडची बहुतेक उन्हाळी शिबिरं लहानग्यांसाठी. आठ-दहा दिवस, शेवटी आईबाबांसमोर नाटुकलं, फोटो, संपलं. आणि ज्या वयात आवाज फुटतो, चारचौघांत बोलायची लाज वाटते, नेमकं तेव्हा पोरांना नाटकातून बाहेर काढतो.

सुधा करमरकरांनी १९५९ साली बालरंगभूमी उभी केली. १९८६ मध्ये मोहन आगाशेंनी जर्मनीचं ग्रिप्स नाटक पुण्यात आणलं. मुलांचे प्रश्न गांभीर्याने मांडणारी परंपरा आपल्याकडे आहे. मग आठवी-नववीला जागा का नाही?

खर्च फार नाही. मे महिन्यात शाळांचे हॉल कुलूपबंदच असतात. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारे हौशी कलाकार गावोगाव आहेत. त्यांना मानधन द्या, सकाळचे दोन तास द्या. अभिनयच नको, प्रकाशयोजना, नेपथ्य, लेखनही शिकवा. लाजरी पोरं तिथे रमतात.

आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना एवढंच विचारा: हॉलची किल्ली मे महिन्यात कुणाकडे असते?